चिहारु कुरोगीचा तिसरा टप्पा

चिहारु कुरोगीबद्दल वर्तमानपत्रात एकूण अकरा वेळा छापून आलं. ती काय खायची, हे त्या अकरांपैकी एकातही नव्हतं, आणि मला तिच्याबद्दल जे काही माहीत आहे ते सगळं तिथूनच सुरू होतं. मी तिच्या कंपनीच्या वसतिगृहात स्वयंपाक करायचे. पळणाऱ्या मुलींचं वसतिगृह होतं ते. आठ मुली, एक कोच आणि मी, फुमिए सुगितानी. वय तेव्हा चोपन्न, नवरा नाही, मूलबाळ नाही. सगळ्या मला मावशी म्हणायच्या, अगदी कोचसाहेबसुद्धा.

कंपनी नळाच्या तोट्या बनवायची. तोट्यांचा आणि पळण्याचा काय संबंध, असं माझी बहीण मला दर वर्षी विचारायची. संबंध एवढाच की नोव्हेंबरात कंपन्यांची एकिदेन नावाची शर्यत असते, सहा जणी मिळून बेचाळीस किलोमीटर पळतात, आणि तेवढा वेळ मुलींच्या छातीवरचं कंपनीचं नाव टीव्हीवर दिसत राहतं. खांद्यावरून आडवा एक कापडी पट्टा घातलेला असतो, त्याला तासुकी म्हणतात. आपला टप्पा पळायचा, तासुकी काढायची आणि पुढच्या मुलीच्या हातात द्यायची. आमची तासुकी निळी होती. ती धुवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते हातानं करायचे, यंत्रात टाकायचे नाही.

चिहारु आली ती अठराव्या वर्षी, मार्च महिन्यात, मियाझाकीच्या डोंगरातून. वडील ओंडक्यांवर मश्रूम पिकवायचे. गावातून शाळेकडे जाणारी बस दिवसातून दोनदाच, म्हणून ही सात किलोमीटर पळत शाळेत जायची, आणि पुढे कुणीतरी घड्याळ लावून बघितलं तेव्हा सगळ्यांचे डोळे विस्फारले. गालांवर लाली होती पोरीच्या. पहिल्याच जेवणाला तिनं तीन वाट्या भात खाल्ला, माशाचा काटा चाटूनपुसून साफ केला आणि विचारलं, "मावशी, अजून आहे का?"

टेबलावरच्या सगळ्यांच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या. तेव्हाची संघाची मोठी मुलगी म्हणाली, "कुरोगी, तू इथं पळायला आलीयस की भात कापायला?"

"कापायला लागला तरी कापीन, ताई. पण आधी जेवून घेते."

सगळ्या हसल्या. तीही हसली. मी चौथी वाटी भरली.

दुसऱ्या दिवशी कोचसाहेब स्वतः स्वयंपाकघरात आले. योशिमुरा त्यांचं नाव. आवाज कधी चढवायचे नाहीत, मुलींच्या आयांशी फार अदबीनं बोलायचे. त्यांनी खिशातून एक वाटी काढली, लहान मुलांची असते तेवढी. "मावशी, नव्या मुलीला आजपासून ही," ते म्हणाले. मी वाटी बदलली. मी कचरले, माझं मन तयार होईना, असं काही सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तसं काही झालं नाही. मला वाटलं, या माणसानं आधीच्या कंपनीत तीन मुलींना राष्ट्रीय संघापर्यंत पोचवलंय, त्याला कळत असणार. आपल्याला फार तर मिसो सूपातलं मीठ कळतं.

वजनकाटा न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात होता. सकाळच्या पळण्याआधी, पळून आल्यावर, दुपारी कारखान्याच्या ऑफिसातून परतल्यावर आणि झोपताना, असं चार वेळा वजन करायचं आणि भिंतीवरच्या कागदावर सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. मुली काट्यावर चढायच्या आधी केसातल्या पिनासुद्धा काढून ठेवायच्या. चिहारु आली तेव्हा सत्तेचाळीस किलो होती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक्केचाळीस.

आणि ती पळायला लागली, हेही खरंच आहे. ते लपवून मला गोष्ट सांगायची नाही. तिसऱ्या वर्षी तिला एकिदेनचा तिसरा टप्पा दिला. तो सगळ्यात लांबचा, दहा किलोमीटरहून जास्त, आणि प्रत्येक कंपनी आपली सगळ्यात चांगली मुलगी तिथंच ठेवते. कारखान्याच्या खानावळीत आम्ही टीव्हीला चिकटून बसलो होतो. हनुवटी जराशी वर, हात खाली, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरच्या बाईचं काहीतरी रस्त्यात पडलंय आणि हिला ते परत द्यायचंय. तिनं सात जणींना मागं टाकलं. तोट्यांना पॉलिश करणारे पुरुष टेबलावर चढून ओरडत होते. आम्ही पाचवे आलो. त्या रात्री मी तिला भात मोठ्या वाटीत वाढला, आणि तिनं अर्धा तसाच ठेवला. "मावशी, आता जात नाही हो," ती म्हणाली, आणि माझी माफी मागितली.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा ती माझ्याजवळ बसून शेंगा सोलत होती.

"मावशी, बायकांची पाळी कितव्या वर्षी बंद होते?"

"पन्नाशीच्या आसपास. का गं?"

"माझी दीड वर्षापूर्वी झाली."

मी त्याच दुपारी कोचसाहेबांकडे गेले. मी गेले होते, हे मला नोंदवून ठेवायचंय. त्यांनी मला खुर्ची दिली आणि हसून म्हणाले, "अहो मावशी, पाळी येत असली तर मला काळजी वाटते. सराव कमी पडतोय, याची ती खूण. चांगल्या पळणाऱ्या मुलींचं असंच असतं."

"एकदा डॉक्टरला दाखवलं तर..."

"लोहाची इंजेक्शनं चालूच आहेत. तुम्ही असं करा, आठवड्यातून दोनदा कलेजी द्या."

मी बाजारात जाऊन कलेजी आणली. दुसरं काय करणार होते? स्वयंपाकीण ती स्वयंपाकीणच. मुली नाक मुरडून कलेजी खायच्या आणि मी त्यांच्या डोक्यावर उभी राहून ती संपवून घ्यायचे, आणि त्यातच आपण मोठं काहीतरी केलं असं मला वाटायचं.

तेविसाव्या वर्षी ती मॅरेथॉन पळाली. दोन तास बत्तीस मिनिटं, अकरावी आली. कोचसाहेब म्हणाले, दोन किलो कमी असती तर आठवी आली असती. चिहारुनं मला ते येऊन सांगितलं आणि स्वतःच्या अंगाकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "दोन किलो आता काढू कुठून, मावशी? कान कापून देऊ का त्यांना?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. मला आता त्या हसण्याची लाज वाटते. त्याच हिवाळ्यात तिच्या पावलातलं एक बारीक हाड तडकलं. चार महिने ती पोहण्याच्या तलावात कंबरेला पट्टा बांधून पाण्यातच पळत राहिली.

सहाव्या वर्षी कंपनीत नवे अध्यक्ष आले. त्यांना खेळात रस नव्हता. पहिल्या आठांत आलात तर संघ राहील, नाहीतर मार्चमध्ये बंद, असं त्यांनी सप्टेंबरातच कळवून टाकलं. तोवर चिहारुच सगळ्यांत मोठी झाली होती, बाकीच्या तिला ताई म्हणायच्या. आणि आठांपैकी दोघी जायबंदी. एकीचा गुडघा, एकीची टाच. उरल्या बरोबर सहा.

एकिदेन रविवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी पहाटे मी तांदूळ धूत होते आणि जिन्यावर कुणाची तरी चाहूल लागली म्हणून डोकावले. चिहारु कठडा धरून जिना उलटा उतरत होती, तोंड पायऱ्यांकडे करून, एकेक पायरी. मला बघून ती थांबली.

"कुठला?" मी विचारलं.

"डावा. नडगी."

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

मी हात पुसले आणि कोचसाहेबांच्या खोलीकडे निघाले. तिनं मला स्वयंपाकघराच्या दारात अडवलं आणि सरळ जमिनीवर गुडघे टेकले. डाव्या पायावर वजन येताना तिचा चेहरा पांढरा पडला ते मी बघितलं. कपाळ फरशीला लावून ती म्हणाली, "मावशी, मी पाया पडते तुमच्या. कुणाला सांगू नका. शब्द द्या मला."

"वेडी झालीस का? पाय जाईल तुझा."

"मी नाही म्हटलं तर पाच उरतात. पाच जणींना उभंच राहू देत नाहीत. बाकीच्यांनी वर्षभर जे केलं ते सगळं माझ्या एका पायापायी जाणार. मायुका एकोणीस वर्षांची आहे, तिचं पहिलंच वर्ष. मी तिला काय तोंड दाखवू?"

"आणि तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"रविवार झाला की मी स्वतः सांगीन. पाचच दिवस, मावशी."

मी शब्द दिला. तिला जमिनीवरून उठवायचं होतं, आणि शब्द दिल्याशिवाय ती उठत नव्हती. एवढंच मी स्वतःला सांगत आले आहे.

नावांची यादी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यायची होती. तोवर सांगता आलं असतं. शुक्रवारी अकरा वाजता मी कोचसाहेबांच्या दारात उभी होते. ते यादीच लिहीत होते. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काय, मावशी?" मी म्हटलं, "रविवारी भाताचे गोळे किती करू?" ते म्हणाले, "वीस पुरेत." मी परत आले. वीस गोळ्यांना आंबट प्लम किती लागतील ते मोजत बसले आणि साडेबारा झाले.

रविवारी मी पट्टा बदलायच्या जागी होते, तिसरा टप्पा संपतो आणि चौथा सुरू होतो तिथं. चौथा टप्पा मायुकाचा. तिचं जाकीट, ब्लँकेट आणि जवाचा गरम चहा सांभाळायला माणूस कमी पडलं म्हणून मला नेलं होतं. वारा भणाणत होता. पहिला संघ गेला, मग एकामागून एक बरेचसे. सहा किलोमीटरपर्यंत कुरोगी अकरावी आहे असं कुणाच्या तरी रेडिओवर ऐकलं. मग तिचं नावच येईना.

एकिदेनचा नियम आहे. पहिला संघ गेल्यावर दहा मिनिटांत ज्यांची तासुकी पोचत नाही, त्यांच्या पुढच्या मुलींना कोरे पांढरे पट्टे देऊन एकदम सोडून देतात. रस्ते किती वेळ अडवून धरणार? नियम बरोबरच आहे. पण आपल्या संघाचा पट्टा तिथं तुटतो, आणि ते ज्या मुलीच्या हातून घडतं ती जन्मभर ते विसरत नाही. आमच्या कंपनीच्या बावीस वर्षांत तासुकी एकदाही तुटली नव्हती.

पंचानं तीन संघांचे आकडे पुकारले. तिसरा आमचा. मायुकाच्या खांद्यावर पांढरा पट्टा चढवला आणि तिला रेषेवर उभं केलं. ती मागेच बघत होती. तेवढ्यात वळणावर चिहारु दिसली. दीडशे मीटर असेल. ती पळत नव्हती, पण चालतही नव्हती. डावा पाय ती मागून ओढत आणत होती. तासुकी काढून तिनं मुठीभोवती गुंडाळली होती आणि हात पुढं धरला होता.

"मावशी! ताई आली! थांबायला सांगा ना त्यांना! मावशी!"

मी पंचाकडे धावले. "साहेब, ती बघा, आलीच आहे. अर्धं मिनिट."

मला मुलगा असता तर या पंचाच्याच वयाचा असता. त्यानं चिहारुकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काकू, कृपा करून मागं व्हा." आणि पिस्तूल उडवलं.

मायुका रडत पळाली. चिहारुनं ते बघितलंच असणार. तरी ती तशीच येत राहिली, आणि रेषेवर पोचल्यावर जिथं कुणीच नव्हतं तिथं तिनं हात लांब करून पट्टा पुढं केला. क्षणभर तसाच धरून ठेवला. मग आमच्याकडे सगळे पळणारे करतात तसं, रस्त्याकडे वळून तिनं वाकून नमस्कार केला. तिला पुन्हा सरळ होता आलं नाही. मी ब्लँकेट घेऊन पोचले तेव्हा ती डांबरावर पडून पंचांची माफी मागत होती. "माफ करा. उशीर झाला. माफ करा." मला एक आवाज ऐकू आला होता की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

नडगी आरपार मोडली होती. डॉक्टरनं हाडांची तपासणी केली आणि म्हणाला, ही सत्तर वर्षांच्या बाईची हाडं आहेत. मी तेव्हा साठीची. त्याच वर्षी माझीही तपासणी झाली होती आणि माझी हाडं उत्तम निघाली होती. मुलींच्या ताटात जे कमी केलं ते माझ्याच पोटात जात असणार.

संध्याकाळी सगळ्या जेवायला बसल्या, कुणी काडी उचलेना. मायुकाच आधी बोलली. "मला माहीत होतं. ताई अंथरुणावर पाय ठेवताना दात आवळायची. एका खोलीत असते मी."

मुलींना मालिश करायला बाहेरून येणारा मोरिगुची म्हणाला, "मलाही. नडगीवर बोट ठेवलं की तिचा श्वास थांबायचा."

दुसरी एक जण म्हणाली, तिलाही. मग तिसरी. एकेकीनं खाली बघत बघत सांगितलं. शेवटी सगळे कोचसाहेबांकडे बघायला लागले. ते सूपाच्या वाटीकडे बघत म्हणाले, "तिच्या पावलांचा आवाज ऐकून कळतं मला. ती स्वतः एक शब्द बोलली असती तर मी थांबवलं असतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आमच्यात असंच आहे. माणूस जे स्वतः बोलत नाही ते आपल्याला दिसलं तरी दिसलं नाही असं वागायचं. त्याला आम्ही समजूतदारपणा म्हणतो. ज्याला माहीत नाही असं त्या टेबलावर एकही माणूस नव्हतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत मूग गिळून बसला होता. मला त्या दिवशी सगळ्यांचा संताप आला. टेबल उलटून टाकावंसं वाटलं. पण मी उठले आणि सूप गरम करून आणलं.

तिसऱ्या आठवड्यात तिची आई तिला न्यायला आली. संघ बंद करायची चिठ्ठी तोवर बोळात लागली होती. कुरोगीबाई ठेंगण्या, उन्हानं रापलेल्या. दोन पिशव्या भरून मिठाईचे खोके आणले होते, माणशी एक. कोचसाहेब, मोरिगुची, प्रत्येक मुलगी, प्रत्येकाच्या दारात उभं राहून त्यांनी वाकून तेच म्हटलं, "माझ्या मुलीनं तुम्हाला फार त्रास दिला. क्षमा करा." मायुका तर हमसाहमशी रडायला लागली. कुरोगीबाईंनी तिचीसुद्धा माफी मागितली.

सगळ्यात शेवटी त्या स्वयंपाकघरात आल्या. मागं कुबड्यांवर चिहारु.

"तुम्हीच का मावशी? पत्रात तुमचंच असायचं सगळं. सहा वर्षं पोरीला खाऊ घातलंत." असं म्हणून त्यांनी फरशीवर बसून कपाळ टेकवलं. मीही टेकवलं. आधी उठायचं कुणी, म्हणून आम्ही दोघी म्हाताऱ्या तशाच ओणव्या राहिलो.

"तुम्हाला तिनं कळू दिलं नसेल," खालूनच त्यांचा आवाज आला. "लहानपणापासून तशीच. दात किडला तरी गाल सुजेपर्यंत सांगायची नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही थांबवलंच असतंत, हे मला माहीत आहे."

मी फरशीकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं. "थांबवलं असतं."

त्या सामान घेऊन टॅक्सीकडे गेल्या. चिहारु मागं थांबली. इतक्या आठवड्यांत तिच्या चेहऱ्याला जरा रंग आला होता. रुग्णालयात भात पोटभर देत असणार. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही शब्द पाळलात. तुमचे उपकार मी विसरणार नाही." आणि कुबड्या सांभाळत जेवढं वाकता येईल तेवढी वाकली.

मला म्हणायचं होतं की मला माफ कर, पोरी. तोंडातून आलं, "सावकाश जा. बाहेरची पायरी ओली आहे."

आता ती गावात सहकारी संस्थेत मश्रूम निवडते. बसून करायचं काम आहे. नव्या वर्षाला तिचं पत्र येतं, आणि योशिमुरा कोच दुसऱ्या कंपनीत आहेत असं ऐकते.

त्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले. पाहुणा दिसेनासा होईतो वाकून उभं राहायचं, ही आमची रीत. टॅक्सी वळून गेली तरी मी मान वर केली नाही. गाडी अजून समोरच उभी असेल आणि तिची आई काचेतून माझ्याकडे बघत असेल, अशी मला भीती वाटत होती.